पंचेचाळीस अंश

नमुना क्रमांक दोनशे अकरा.
निंबा लोटन कोळी, वय चौतीस, हमाल,
मार्केट यार्ड, चोपडा.
शुगर नाही. एचआयव्ही नाही. स्टेरॉइड कधीच नाही.
पांढऱ्या पेशी मी दोनदा मोजल्या,
हजेरीला सगळ्या उभ्या.
अर्जात एक रकाना असतो :
प्रतिकारशक्ती कमी असण्याचे कारण.
तिथे निवासी डॉक्टरने आडवी रेघ मारली आहे,
आणि त्या रेघेवर पुन्हा एक रेघ.

काचपट्टीवर मी पोटॅशचा थेंब टाकते.
मांस विरघळेपर्यंत थांबायचं असतं,
धुळ्याच्या मे महिन्यात फार थांबावं लागत नाही.
बाहेर पारा पंचेचाळीसवर.
भिंगाखाली धागे,
उसाला असतात तशी पेरं त्यांना,
आणि प्रत्येक फाटा फुटतो तो
पंचेचाळीस अंशांत.
योगायोगासाठी वहीत रकाना नाही.

बुरशी म्हटलं की आपण ओल शोधतो :
लोणच्याची बरणी, मोरीचा कोपरा, न वाळलेली कुरडई.
ही कोरड्यातली. हिला ऊन मानवतं.
शेंगांच्या पोत्यातून, मक्याच्या भुश्श्यातून
ती उठते, जशी धूळ उठते,
आणि क्विंटलभर ओझ्याखाली
फळी चढणाऱ्या माणसाला
श्वास मोठाच घ्यावा लागतो.
छाती जेवढी दणकट
तेवढा घोट मोठा.

वर्षभर नाक बंद होतं म्हणे.
मग उजवा डोळा पुढे यायला लागला,
मागून कोणी दमादमानं सरकवत असल्यासारखा.

केवळबाई खिडकीशी उभी राहते.
"त्याले कधी तापबी उना नही, ताई.
मनं काय चुकनं?"
आणि सांगत सुटते : एकदा शिळी भाकर बांधून दिली,
चैत्रातला नवस राहून गेला,
नवं घर लिंपलं त्याच दिवशी राहायला गेलो.
मी म्हणते, तुमचं काही नाही.
ती ऐकत नाही.
तिला चूक हवी आहे.
चूक सापडली तर ती पुन्हा करायची नाही, एवढं तरी हातात राहतं.

भेटायला येणाऱ्यांचंही तेच.
दारू होती का? गुटखा? शुगर लपवली असेल.
त्यांच्या घराच्या भिंतीत भोक सापडलं
की आपली भिंत शाबूत,
मग डबा उघडून निवांत जेवता येतं.

मी बावीस वर्षं या खोलीत आहे.
सुट्टीत माहेरी गेले की त्याच यार्डावरून चालते,
रुमाल काळा होतो, दोन शिंका येतात.
तीच माझ्याही नाकात उतरली असणार,
बसली असणार, उठून गेली असणार.
त्याच्याकडे का थांबली?
डॉक्टरांना विचारलं तर ते
चष्मा पुसायला लागले.

ऑपरेशन झालं. गोळ्या सुरू झाल्या,
महिन्यांच्या हिशोबाने.
बंद केल्या की परत येते कधीकधी,
हे मी त्याला सांगितलं नाही, ते माझं काम नाही.

श्रावणात तो स्वतःच आला अहवाल घ्यायला.
डोळा बराच मागे गेलेला, थोडा तिरपा.
म्हणाला, दाखवाल का?
नियमात बसत नाही.
तरी मी चिकटपट्टी लावलेली बशी
झाकण न काढता त्याच्या समोर धरली.
मुगाच्या सालीसारखा हिरवा रंग, कडेला पिवळा,
मऊ, भरगच्च.
त्याने मान कलती केली, सरळ डोळ्याने पाहिलं,
बराच वेळ, बाजारात माल पारखतात तसं.
मग विचारलं :
"हाई मनं शे, का बजारनं?"

बशीवर क्रमांक होता. नाव नव्हतं.
मी ती परत कपाटात ठेवली
आणि सवयीने हात धुतले,
दोनदा.